फोर बाय फोर गाडीची शहरी उपयुक्तता: काळाचौकीतील एक निरीक्षण

ज्या रस्त्यावर आपण कधीच जाणार नाही, त्या रस्त्यासाठी माणूस सर्वांत भक्कम गाडी घेतो, आणि समाज प्रगत झाल्याची याहून खात्रीची खूण नाही. चिखल, वाळू, दगडधोंडे यांतून चारही चाकांच्या जोरावर चालणाऱ्या गाड्या आता गिरणगावातही दिसू लागल्या आहेत. शहरात त्या कितपत स्थिर आणि सोयीच्या ठरतात, हे तपासण्यासाठी काळाचौकीच्या आमच्या गल्लीने एक अभ्यास समिती नेमली. (सदस्य दोन: मी आणि पुष्कर. पुष्कर न आल्यास कोरम माझ्या एकट्याने पूर्ण होतो.)

अभ्यासासाठी गाडी एकच उपलब्ध होती, पहिल्या मजल्यावरच्या निलेशची. निलेश वरळीच्या एका ऑफिसात बसून काम करतो. गाडी घेण्यामागचं कारण मात्र अत्यंत उदात्त होतं: त्याचे वडील. धोंडूबाबा एकोणऐंशी वर्षांचे. वीस वर्षं गिरणीत उभे राहिले, मग गिरणी बसली आणि पुढे गुडघेही बसले. कणकवलीजवळ गावी त्यांचं घर टेकडीवर आहे. खालच्या सडकेपासून घरापर्यंतची घाटी इतकी कच्ची की रिक्षावाला पायथ्याशीच हात जोडतो. त्यामुळे चार वर्षं बाबांनी घरचा गणपती मोबाइलवरच पाहिला होता. "बाबांना थेट खळ्यात नेऊन उतरवीन," असं निलेशने शोरूममध्येच जाहीर केलं. खळं म्हणजे घरापुढचं अंगण. या कारणापुढे कोणाचंही काही चालत नाही हे ओळखून त्याच्या बायकोने, दर्शनाने, मान डोलावली.

आता निरीक्षणं. गल्लीची रुंदी अकरा फूट. त्यातून गटार, तुळशीचे डबे आणि शेजारच्या मयूरची स्कूटर वजा केली की गाडी मावते, माणूस मावत नाही. भिंतीकडचे दोन्ही दरवाजे उघडतच नाहीत, पलीकडचे चार बोटं उघडतात. त्यामुळे निलेश डिकीतून आत शिरतो आणि सीटांवरून रांगत स्टिअरिंगपर्यंत पोचतो. दुर्गम भागातील प्रवास या सदराखाली समितीने याची नोंद घेतली आहे.

अकरा महिन्यांत गाडी एकशे चौदा किलोमीटर चालली. पैकी नव्वद किलोमीटर उभी करायला जागा शोधण्यात गेले. पुढे चाळीच्या दाराशीच जागा सापडली आणि चालण्याचं कारण उरलं नाही. गाडी दोन फूट पाण्यातून आरामात जाते, असं कंपनीच्या पुस्तिकेत छापलंय. हिंदमाताला पाणी भरलं त्या दिवशी, बुडाला चिखल लागू नये म्हणून निलेशने ती घरी ठेवली आणि स्वतः पँट दुमडून निघाला. यावरून गाडी दोन फूट पाण्यातून जाते हे सिद्ध होत नाही, पण निलेश जातो हे निर्विवाद सिद्ध झालं.

स्थैर्याची खरी कसोटी लागली श्रावणात. गल्लीच्या गणेशोत्सव मंडळाचा चिटणीसही मीच (गल्लीत लिहिता येणारे पुष्कळ आहेत, लिहायला बसणारा एकच), म्हणून मी निलेशकडे गेलो.

"मंडपाचे वासे रोवायचेत. गाडी काढ."

"काढून लावू कुठे? इथली जागा गेली ना, तर परत नाय मिळत. मयूर टपूनच बसलाय."

"अरे, तसाही तू बाबांना घेऊन गावाला चाललायस ना?"

"चाललोय ना. पण परत आल्यावर काय?"

हा प्रश्न इतका बिनतोड होता की मीच खाली बसलो. जायचं तर जागा सोडावी लागणार, आणि जागा सोडली तर गाडी आणणार कुठे? गाडी जाण्यासाठी घेतली होती हे खरं, पण जागा टिकवणारी वस्तू म्हणूनही ती उत्तम काम देत होती, आणि दोन्ही कामं एकाच वेळी कोणतीच गाडी करू शकत नाही. निलेशने दोन दिवस विचार केला आणि मंडप गाडीवरूनच घ्या, म्हणून सांगितलं.

यंदाचा देखावा कैलास पर्वताचा होता. गाडीभोवती लोखंडी सांगाडा उभा राहिला, त्यावर गोणपाट, त्यावर पांढरा रंग. गाड्या डोंगरावर चढतात हे सगळेच जाहिरातींत पाहतात. गाडीवर डोंगर चढवण्याचा मान मात्र आमच्या मंडळाकडे जातो. दहा दिवसांत बेचाळीस हजार भाविक येऊन गेले (मोजणी पुष्करची, म्हणजे अंदाजे), आणि गाडी एक इंचही हलली नाही. स्थैर्यात शंभरपैकी शंभर गुण.

चतुर्थीच्या दोन दिवस आधी धोंडूबाबा कठडा धरून खाली आले. पिशवी त्यांनी आठवड्याभरापूर्वीच भरून ठेवली होती. ते कैलासाकडे बघत राहिले.

"गाडी खंय आसा?"

"आत आहे, बाबा," निलेश म्हणाला. "पुढच्या वर्षी नक्की नेतो."

"मगे मी कसो जातलंय?"

यावर निलेश मोबाइलमध्ये बघू लागला. मी वर्गणीच्या पावत्या नीट लावल्या. मला तेव्हा मनापासून लाज वाटली. (ही नोंद अहवालाच्या मुख्य भागात धरू नये.)

बाबा आणि निलेशची आई रमाबाई परळ आगारातून एसटीने गेले. निलेश गाडीवर लक्ष ठेवायला थांबला. घाटीच्या पायथ्याशी चार पुतणे प्लास्टिकची खुर्ची घेऊन उभे होते. त्यांनी बाबांना खुर्चीत बसवलं, दोन बांबू बांधले आणि उचललं. व्हिडिओ गल्लीच्या ग्रुपवर आला. समितीने तो तांत्रिक दृष्टीने तपासला. वाहनक्षमता: धोंडूबाबा, पिशवी आणि मांडीवर दोन नारळ. चढावर चौघेही एकाच वेळी जोर लावतात. निसरडं आलं की पुढचे दोघे थांबतात आणि मागच्यांना शिव्या देतात. खळ्यात अगदी पायरीपर्यंत जाते. काम झाल्यावर उभी करायला जागा लागत नाही, चौघे चहा प्यायला बसतात.

आरती झाल्यावर बाबांचा फोन आला. निलेशने तो मंडपातच घेतला, म्हणून आम्हा सगळ्यांना ऐकू आला.

"पोचलंय रे. गाडी बरी आसा मा? पोरा वर चडान तिचो पत्रो चेपवतीत, बघ हां."

निलेश हो म्हणाला. मग बराच वेळ तो कैलासाच्या मागे जाऊन उभा होता.

एका गाडीवरून निष्कर्ष काढणं शास्त्राला धरून होणार नाही, म्हणून समितीने पाहणी वाढवायचं ठरवलं आणि एक छोटी प्रश्नावली काढली. गाडी कोणाचं नाव सांगून घेतली? त्या व्यक्तीला गाडीतून शेवटचं कुठे नेलं? ती व्यक्ती सध्या कशाने जाते? (गाडी नसलेल्यांनी गाडीच्या जागी ज्यादा खोलीचा फ्लॅट, मोठा टीव्ही किंवा गावचं नवं घर वाचावं.) आतापर्यंत दोनशे सहा उत्तरं आली. पहिला प्रश्न सर्वांनी सविस्तर सोडवला, काहींनी पुरवणी जोडली. दुसऱ्यापाशी बहुतेकांचं पेन बंद पडलं.

तुमचा कागद अजून यायचाय. घाई नाही. निदान तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यांनाच फोन करून विचारा. ते आधी तुमच्या गाडीची चौकशी करतील, तेवढी ऐकून घ्या.