तिथीची पाऊणपट

नागूबायला कोणी वेळ विचारली की ती आधी तिथी विचारायची. "नागूबाय, किती वाजले असतील?" असं म्हटलं की हातातलं जाळं मांडीवर टाकायची, एक डोळा मिटायची, अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवायची आणि सांगायची, "आज षष्ठी ना? मंग साडेचारला भरती." म्हणजे आपल्याला वेळ कळायची नाही ती नाहीच, भरती तेवढी कळायची. पुढे माझ्या ध्यानात आलं की आमच्या गावात भरती कळली की वेळेवाचून कोणाचं फारसं अडत नाही.

मी त्या गावात प्राथमिक शाळेचा मास्तर म्हणून आलो तेव्हा स्वातंत्र्याला दहाएक वर्षं झाली असतील. मी देशावरचा. समुद्र पाहिला होता तो भूगोलाच्या पुस्तकात, आणि तिथे तो निळा होता. सासऱ्यांनी लग्नात दिलेलं मनगटी घड्याळ हा माझा एकुलता एक दागिना आणि वक्तशीरपणा हा एकुलता एक गुण. गाव काशीदच्या अलीकडे, खाडीच्या तोंडाशी. शाळा खाडीच्या अल्याड, कोळीवाडा पल्याड, मध्ये पूल नाही. ओहोटीला गुडघाभर पाण्यातून उतरून यायचं आणि भरतीला होडीतून. पण होड्या घेऊन बाप्ये समुद्रावर गेलेले. त्यामुळे शाळा अकरा ते पाच माझ्या घड्याळावर चालायची आणि निम्मी पोरं चंद्रावर.

भरतीचा हिशेब किनाऱ्यावरच्या शेंबड्या पोरालाही येतो. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीन वाजता भरती, अष्टमीला सहा, पुनवेला आणि अवसेला सव्वाअकरा. रोज पाऊण तास पुढे. पण या हिशेबावर दुसऱ्यांच्या पोरांचा दिवस बसवून देणारी बाई मी एकच पाहिली.

नागूबायचं घर शाळेच्या बाजूला, अगदी खाडीच्या उताराच्या तोंडाशी. नवरा लग्नानंतर दोन वर्षांत तापानं गेलेला, मूलबाळ नाही. जाळी विणायची, फाटलेली सांधायची. पुनव-अवसेच्या सुमाराला शाळा भरायच्या वेळीच खाडी तुडुंब भरलेली असे, म्हणून कोळीवाड्यातली पोरं सकाळी आठलाच उतरून येत आणि शाळेची घंटा होईपर्यंत नागूबायच्या अंगणात राहत. अष्टमीला नेमकं उलटं. येताना खाडी गुडघाभर, पण शाळा सुटायला आणि पाणी चढायला गाठ. मग एखादी होडी परतेपर्यंत तीच पोरं त्याच अंगणात. कोणत्या तिथीला कोणाचं पोर केव्हा येणार, कोणाची आई म्हावरा विकून केव्हा परतणार, हे सगळं बाईच्या बोटांच्या पेरांवर लिहिलेलं होतं. तिला लिहायला-वाचायला येत नव्हतं. गाव तिला मागून 'पाऊणबाय' म्हणायचं. पुढून म्हणायची कोणाची छाती नव्हती.

पोरांची नावं ती लक्षात ठेवत नसे. पोर ज्या तिथीला जन्मलं, ती तिथी हेच त्याचं नाव. "ए सप्तमी, नाक पूस!" "दशमीला कोनी मारला रं?" एका घरात जुळे झाले, त्यातला एक तिथी उलटण्याआधी आणि दुसरा उलटल्यावर, त्यामुळे सख्खे जुळे भाऊ तिच्या अंगणात एकादशी आणि द्वादशी म्हणून नांदत होते. दोन चतुर्थ्या झाल्या तेव्हा एकीला शुद्ध आणि दुसरीला वद्य लावून तिनं प्रश्न मिटवला. वद्य चतुर्थीच्या आईला हे मुळीच आवडलं नव्हतं.

मी आलो त्या आठवड्यातच तिनं मला अडवलं.

"मास्तर, तुमी कंच्या तिथीचं?"

"मला नाही ठाऊक."

तिनं माझ्याकडे पायापासून टोपीपर्यंत पाहिलं. "अष्टमीचं," ती म्हणाली. "भांगाचा मानूस. पानी ना नीट चढत, ना नीट उतरत." अष्टमीला भरती सगळ्यात कमजोर असते, तिला भांग म्हणतात, हे मला मागाहून कळलं. तोवर मी तिला दोनदा "आभारी आहे" म्हणून चुकलो होतो.

आमचं भांडण मात्र शिस्तीवरून झालं. मी आल्या आल्या नियम केला होता की कडेवर पोर घेऊन वर्गात बसायचं नाही. कोळीवाड्यातल्या मोठ्या मुली धाकटी भावंडं घेऊन येत, ती वर्गात रडत, पाट्या चाटत, आणि त्याहून वाईट उद्योगही करत. तिसरीतली शेवंती अख्ख्या शाळेत हुशार, पण तिच्या कडेवर सहा महिन्यांचा भाऊ असायचाच. आई टोपली घेऊन गावोगाव फिरायची, पोरगं सांभाळणार कोण? नियम झाला तशी शेवंती खिडकीबाहेर उभी राहून शिकायला लागली. भाऊ कडेवर, पाटी खिडकीच्या चौकटीवर. मला ते नियमात बसणारं वाटलं. ती वर्गात नव्हती ना!

तिसऱ्या दिवशी नागूबाय जाळं खांद्यावर टाकून शाळेवरून चालली होती. खिडकीशी आली आणि थबकली. तिचा चेहरा असा झाला की मी फळ्यावर लिहिता लिहिता थांबलो. तिनं शेवंतीच्या कडेवरचं पोर ओढून घेतलं, शेवंतीला दंडाला धरून वर्गात आणलं आणि माझ्यापुढे उभं केलं.

"ह्यो माजा," ती पोराकडे बोट दाखवून म्हणाली. "ही तुमची. बसवा तिला."

"पण नागूबाय, शाळेच्या वेळा ठरलेल्या असतात, तुम्ही असं मध्येच..."

"मास्तर, दर्या तुमच्या घंटंला इचारून येतो काय?"

यावर ट्रेनिंग कॉलेजात काही शिकवलेलं नव्हतं. शेवंती बसली.

दुसऱ्या दिवशी नागूबायच्या अंगणात जुन्या जाळ्यांच्या अकरा झोळ्या लागल्या, माडामाडांना बांधलेल्या. सगळ्या झोळ्यांना मिळून एकच दोरी, आणि दोरीचं टोक तिच्या पायाच्या अंगठ्याला. हातानं जाळं विणायची आणि पायानं अकरा पोरं झुलवायची. एक रडलं तरी अकरा झुलायची, ज्याला नको असेल त्यानंही झुलायचं. शेवंतीचा भाऊ नागपंचमीचा, म्हणून तो पंचमी. आया परतताना मूठभर सुकट नाहीतर चार बोंबील ठेवून जात. माझ्या वर्गात सात मुली वाढल्या. हेडमास्तरांनी ते माझं कर्तृत्व म्हणून वर कळवलं आणि मीही त्यांना अडवलं नाही.

मग वार्षिक परीक्षा आली. परीक्षा घ्यायला शाळा तपासणारे दिपोटीसाहेब यायचे होते. पटावरची निम्मी नावं कागदावरचीच असतात अशी साहेबांची तक्रार, म्हणून हेडमास्तरांनी आधीच बजावलं, "त्या दिवशी जो गैरहजर, त्याचं नाव कमी." शेवंतीच्या बापाला हे कळलं तेव्हा तो म्हणाला, "बरा झाला. नाव गेला तर पोरगी घरी ऱ्हाईल." नागूबायनं हे ऐकलं आणि जाळं बाजूला ठेवून पेरं मोजली. "परीक्षेला द्वितीया. दीडला भरती. शालेची पयली घंटा ऐकली का निघायचा, पानी मांडीच्या वर येनार न्हाय."

पहिली घंटा सव्वादहाची. ती झाली. मी टोपी सरळ केली, दिपोटीसाहेब बैलांच्या दमणीतून उतरून चहा घेत होते. इतक्यात नागूबाय धावत आली. तिला धावताना मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"मास्तर, माजा हिशेब चुकला!"

झालं होतं असं. रोजची तिथी ती देवळातल्या गुरवाकडून पंचांग विचारून पक्की करायची. गुरव आठवडाभर हरिहरेश्वरला पाहुण्यांकडे गेला होता, म्हणून तिनं बोटांवर मोजलं. पण त्या पंधरवड्यात पंचांगात प्रतिपदा दोन दिवस होती. दुसरी तिनं मोजलीच नाही. ती द्वितीया समजून बसली होती, पण आज प्रतिपदाच होती, आणि पाणी पाऊण तास आधी चढलं होतं. तिनं सकाळी पाणी पाहून थाळा बडवला, पण पोरं तेव्हा पार पलीकडे समुद्रकिनाऱ्यावर आयांना म्हावरा निवडायला हात लावत होती, त्यांना काय ऐकू जाणार! आता तेवीस पोरं पाट्या डोक्यावर घेऊन पल्याड उभी होती आणि मध्ये छातीभर पाणी.

हेडमास्तरांनी हजेरीपुस्तक उघडलं आणि टाक उचलला. नागूबाय त्यांना ओलांडून थेट दिपोटीसाहेबांपुढे गेली.

"सायेब, पोरा हाजर हायेत. फकस्त पल्याड हायेत."

साहेब गोल अंगाचे आणि गोल स्वभावाचे होते. त्यांनी बशीतला चहा संपवला. "चला, बघू," ते म्हणाले.

खाडीकाठी खुर्ची नेली. साहेबांवर छत्री मी धरली. खाडी काही फार रुंद नव्हती, जोरात ओरडलं की पलीकडे ऐकू जाई. हेडमास्तर एकेक नाव ओरडले आणि पल्याडून एकेक "हाजर!" आलं. शेवंतीचा "हाजर" सगळ्यात मोठा होता. तिच्या कडेवर पंचमी होता, तोही काहीतरी ओरडला.

"तेरा पाऊण?" साहेबांनी हाताचा कर्णा करून विचारलं.

"पावनेधा!" पल्याडून एकच गर्जना झाली. ती तेवीस पोरांची नव्हती. म्हावऱ्याच्या टोपल्या घेऊन निघालेल्या आया, एक म्हातारा, आणि शाळेचं तोंड न पाहिलेली पोरंसुद्धा ओरडली होती.

"नऊ पाऊण?"

"पावनेसात!"

साहेबांना रंग चढला. खुर्चीवरून उठून ते पाण्याच्या कडेला गेले, त्यांचे बूट भिजले तरी त्यांना भान नव्हतं. "असं पाठांतर मी जिल्ह्यात ऐकलं नाही! बरं, आता सव्वाचा पाढा, सवायकी. सात सवा?"

पल्याड एकदम शांत झालं. बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या नागूबायनं तोंड उघडलं, पेरांवर अंगठा नेला आणि तो तिथेच राहिला. मग एकच बारीक आवाज आला.

"पावनेनऊ!"

शेवंती होती. साहेबांनी टाळी वाजवली. लेखी परीक्षा पाणी उतरल्यावर घेतली, आणि साहेबांनी तेवीसही नावांपुढे आपल्या हातानं हजेरी मांडली. हेडमास्तर टाक पुसत राहिले. मला इतका आनंद झाला की परतताना मी साहेबांवरची छत्री स्वतःवरच धरून चालत होतो.

संध्याकाळी सहा वाजता मी नागूबायकडे गेलो. पेपर देऊन मोकळी झालेली पोरं अंगणात गोंधळ घालत होती, झोळ्या झुलत होत्या. मला वाटलं, बाई खुशीत असेल. पण ती मान खाली घालून जाळ्यातली एकच गाठ पुन्हा पुन्हा सोडवत होती.

"अहो, एवढी शाबासकी मिळाली," मी म्हटलं. "चूक झाली म्हणून वाईट वाटतंय का?"

"चूक व्हते." मग ती खालच्या आवाजात म्हणाली, "मास्तर, पाऊनकीच्या पुढं काय असता?"

"सवायकी. आज साहेबांनी विचारली ना, ती."

"मना ठावं न्हाय ती. मी त्याच खिरकीशी उबी व्हती. पंचमीच्या भयनीएवरी. भाऊस कडंवर. आत गुरुजी पाऊनकी घेत, चार दिस. चार दिस तो निजला, म्हनून मना आली. पाचव्या दिसाला गुरुजी पुढचा सांगाया लागले नि भाऊस रडाया लागला." ती हसली. "लय रडला. मंग मी खाली दर्यावर गेले. परत काय जायाला गावला न्हाय."

मला त्या खिडकीशी थबकलेला तिचा चेहरा आठवला, आणि माझा नियमही आठवला. लाज वाटली, ती मी लपवली नाही. मी तिच्या ओटीवर मांडी घालून बसलो.

"म्हणा. एक सवा सवा."

"एक सवा सवा," ती म्हणाली आणि पायानं दोरी ओढली. अकरा झोळ्या झुलल्या.

"दोन सवा अडीच."

"दोन सवा अडीच."

"तीन सवा पावणेचार."

तिनं तोंड उघडलं, तेवढ्यात झोळीतून पंचमी रडायला लागला. एकदम कळवळून, थांबेचना. नागूबायनं सवयीनं जाळं खाली ठेवलं आणि उठायला लागली. पण तिच्याआधी अंगणातून शेवंती धावत आली. तिनं भावाला झोळीतून काढून कडेवर घेतलं.

"तू बस गो बाय," ती म्हणाली. "मी हाय ना."

आणि ती पोराला घेऊन दूर, खाडीकडे चालू लागली, आवाज इकडे येऊ नये म्हणून.

नागूबाय तिच्याकडे पाहत राहिली. मग पदरानं डोळे पुसून पुन्हा बसली, मांडी घालून, पहिलीतल्या पोरासारखी हात बांधून.

"तीन सवा?" मी विचारलं.

"पावनेचार," ती म्हणाली. "पुढं, मास्तर."