वेंकटरावांच्या पाच नद्या

वेंकटराव कधी "कसे आहात" असं विचारत नाहीत. दारात चपला काढतात, डावी-उजवीची अदलाबदल झाली नाही ना ते बघतात आणि म्हणतात, "वैनी, एक डौट."

तमिळ मुलखात डौट म्हणजे संशय नव्हे, साधा प्रश्न. वर्गातली मुलं हात वर करून "सर, डौट" म्हणतात. तंजावूरच्या मराठीनेही तो शब्द घरात घेतला आहे. मी मूळची कराडची. लग्न होऊन राजवाड्यामागच्या या गल्लीत आले, त्याच्या चौथ्याच दिवशी समोरच्या घरातून हे गृहस्थ आले आणि त्यांनी मला विचारलं, की दात घासताना माणूस उभा असतो, ती दहा मिनिटं व्यायामात धरावीत काय. मी फिजिओथेरपिस्ट आहे हे माझ्या नवऱ्याने, मुरलीने, त्यांना सांगून ठेवलं होतं. ते सांगायला नको होतं, हे मुरलीला पुढे पटलं. दात घासायला दहा मिनिटं कशाला लागतात, असं मी तेव्हा विचारलं नाही.

वेंकटराव पन्नाशी ओलांडलेले, पाटबंधारे खात्यात कारकून. आई होती तोवर घरात दोघं होते, आता एकटे. लग्न एकदा ठरत आलं होतं म्हणे. पण मुलीकडच्यांना त्यांनी इतके डौट विचारले, की ती मंडळी जेवायला न थांबता कुंभकोणमच्या बसने परत गेली. त्यांची मराठी ऐकताना एखादा जुना दस्तऐवज बोलतोय असं वाटतं आणि मध्येच त्याच्यावर सांबार सांडतं.

दोन वर्षांपूर्वी ऑफिसात आरोग्य तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, चालत जा. वेंकटरावांनी विचारलं, किती? डॉक्टर म्हणाले, जमेल तितकं. हे उत्तर त्यांना अजिबात आवडलं नाही. आठवडाभर ते ज्याला त्याला विचारत होते, की जमेल तितकं म्हणजे नक्की किती. शेवटी ऑफिसातला एक तरुण इंजिनिअर कंटाळून म्हणाला, "सर, बेचाळीस किलोमीटर आणि एकशे पंच्याण्णव मीटर." आणि चेन्नईतल्या मॅरेथॉनचा फॉर्म त्याने त्यांना फोनवर दाखवला.

"एकशें पंच्याण्णव," वेंकटराव मला संध्याकाळी सांगत होते. "कोणी तरी नीट मोजलें आहे, वैनी." फॉर्म भरूनच ते आले होते.

तयारीला आठ महिने होते. किलोमीटरवर त्यांचा विश्वास बसेना, कारण फोन एक आकडा सांगे आणि रस्त्याकडेचा दगड दुसरा. म्हणून त्यांनी खात्याचं माप घेतलं, नद्या. तंजावूरहून तिरुवैयारूला जाताना पाच नद्या लागतात. वडवारू, वेण्णारू, वेट्टारू, कुडमुरुट्टी आणि शेवटी कावेरी. पहिल्या महिन्यात ते वडवारूच्या पुलापर्यंत जाऊन रिक्षाने परत आले. "आज एक नदी झाली," असं त्यांनी गल्लीभर सांगितलं. दोन नद्या व्हायला पुढचे दोन महिने लागले.

अडचणी पुष्कळ होत्या. पहिली कपड्यांची. गल्लीतून उघड्या गुडघ्यांनी जायचं कसं? म्हणून ते हाफपँटवर वेष्टी, म्हणजे इकडचं लुंगीसारखं पांढरं धोतर, नेसून निघत, कोपऱ्यावर ती सोडून घडी घालत आणि पाठीवरच्या पिशवीत ठेवत. परतताना पुन्हा नेसत. दुसरी अडचण म्हणजे माणसं. पन्नाशीचा कारकून पहाटे धावताना दिसला, की त्याची बस चुकली असणार अशी त्या रस्त्यावर सगळ्यांची खात्री. मोपेडवाले थांबून मागे बसायला सांगत. एकदा तर टाउन बसच्या कंडक्टरने शिट्टी मारून गाडी थांबवली आणि वेंकटराव जवळ येईपर्यंत अख्खी बस वाट बघत राहिली. त्यांना नाही म्हणणं जमलं नाही. चढले, तिकीट काढलं आणि पुढच्या थांब्यावर उतरले. मग ते अंतर धावण्यातून वजा करायचं का, हा डौट घेऊन आले.

कोणीतरी त्यांना धावताना खायचं जेलचं पाकीट दिलं होतं. त्यांनी ते फोडलं, वास घेतला आणि आमच्या दाराच्या बिजागरीला थोडं लावून पाहिलं. "वंगण आहे की हें," म्हणाले. बिजागरी अजून चिकट आहे.

डौट मात्र दिवसेंदिवस वाढत चालले. केळं धावायच्या आधी की नंतर? डाव्या पायाची नखं उजव्याच्या आधी का वाढतात? धावताना शिंक आली तर थांबावं काय? घराच्या पुढच्या खोलीतच माझा दवाखाना. एखाद्या आजोबांची मान पट्ट्यात अडकवून वजन लावलेलं असायचं, आणि पडद्याआडून आवाज यायचा, "वैनी, एक डौट." काही डौट बाईमाणसाला विचारण्यासारखे नसत. ते मुरलीला जिन्याखाली नेऊन विचारले जात आणि मुरली लाल होऊन वर येई.

एका सोमवारी दवाखान्यात सहाजण खोळंबले होते आणि वीज गेली होती. वेंकटराव आले. डौट होता मोज्यांचा, आणि तो तिसऱ्यांदा होता. मी म्हणाले, "अण्णा, हे सगळं फोनवर शोधलं की मिळतं. दर वेळी मला विचारायची गरज नाही."

"सेरी," ते म्हणाले. ठीक आहे. चपला घातल्या आणि गेले.

त्यानंतर ते आलेच नाहीत. पहिले तीन दिवस मला फार बरं वाटलं. पहाटे त्यांच्या फाटकाचा आवाज येई, म्हणजे धावणं चालू होतं. ऑफिसला जाताना दिसले तर मान हलवत. दुसऱ्या आठवड्यात मुरली म्हणाला, "तू त्यांना काय बोललीस?" मी सांगितलं. "मग आता मोज्यांचं कोणाला विचारतात?" तो म्हणाला. ते मला लागलं.

त्याच रविवारी त्यांच्या पाच नद्या जाऊन-येऊन व्हायच्या होत्या, हे गल्लीभर ठाऊक होतं. ऊन चढलं तरी ते परतले नव्हते. मी स्कूटर काढली. दुतर्फा भातशेती, मधूनमधून पूल, आणि प्रत्येक पुलावर मी वेग कमी करून कठड्याशी कोणी बसलंय का ते बघत होते.

वेट्टारूच्या पुलाशी एका बाईची चहाची टपरी आहे. तिथल्या बाकावर वेंकटराव धडधाकट बसले होते. माझ्याकडे पाठ होती. बाईला तमिळमध्ये विचारत होते, "अम्मा, एक डौट. केळं आधी खावं की नंतर?"

बाईने किटली खाली ठेवली. आधी अर्धं, नंतर अर्धं, असं सुरू करून तिने तिचा भाऊ कबड्डी खेळायचा तेव्हा काय खायचा, तिथपर्यंत सगळं सांगितलं. वेंकटराव मान डोलवत ऐकत होते. मग पैसे देऊन ते पुलाकडे धावत निघाले. मला त्यांनी पाहिलंच नाही.

मी चहा घेतला. बाईने विचारलं, "ओळखीचे का?"

"शेजारी आहेत. रोज विचारतात का असं?"

"दर रविवारी. हेच विचारतात आणि मी हेच सांगते." ती ग्लास विसळत होती. "माहीत असतं त्यांना. केळं तर येतानाच खाऊन झालेलं असतं. साल हातात असते की."

मी स्कूटर हळू चालवत त्यांच्या बरीच मागे राहून घरी आले. संध्याकाळी मीच समोर गेले आणि धावताना पोटरीत गोळा येतो का, असं विचारलं. वेंकटरावांनी मला बसायला खुर्ची दिली आणि अर्धा तास सांगितलं.

मॅरेथॉनला ते एकटेच गेले. आम्हाला या म्हणाले नाहीत, आणि आम्हीही येतो म्हटलं नाही. रविवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास मला अनोळखी नंबरवरून फोन आला. एक मुलगी इंग्रजीत बोलत होती.

"वेंकटरावांच्या घरच्या का तुम्ही? फॉर्मवर तुमचं नाव आहे. नात्याच्या रकान्यात फॅमिली लिहिलंय."

मी म्हणाले, "हो."

सदतिसाव्या किलोमीटरला त्यांची पोटरी आखडली होती आणि ते प्रथमोपचाराच्या तंबूत खाटेवर पडून होते. काळजीचं कारण नव्हतं. त्यांना बसमध्ये घालून शेवटच्या ठिकाणी नेता आलं असतं. "पण ते म्हणतात, घरी विचारा," ती म्हणाली आणि तिने फोन त्यांच्याकडे दिला.

 त्यांनी डौट विचारायच्या आत मीच विचारायला लागले. चक्कर येते का? नाही. पाणी प्यालात? हो. उभं राहून टाच टेकवा, टेकते का? थोडा वेळ गेला. टेकते. दुखतं किती? सोसवतें.

"मग चालत जा, अण्णा. धावू नका. दुखणं वाढलं तर लगेच थांबा आणि बसमध्ये बसा."

"चालत," ते म्हणाले. "बरें."

दुपारी मुरलीच्या फोनवर वेंकटरावांकडून एक फोटो आला, कोणी तरी काढून दिलेला. रस्ता मोकळा होता, शेवटच्या कमानीचं एका बाजूचं कापड माणसं सोडवत होती आणि दुसऱ्या बाजूखालून वेंकटराव येत होते. वेष्टी नेसलेली होती. पोटरीला ऊब हवी होती, का लोकांसमोर संकोच वाटला, ते मला अजून कळलेलं नाही.

सोमवारी संध्याकाळी चेन्नईची बस यायच्या वेळेला मी आणि मुरली स्टँडवर गेलो. वेंकटराव सर्वांत शेवटी उतरले, एकेक पायरी, दांड्याला धरून. आम्हाला पाहून थबकले. मग वळून त्यांनी रिकाम्या झालेल्या बसच्या दाराकडे पाहिलं.

"कोण यायचें होतें?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच, अण्णा," मुरली म्हणाला.

त्यांनी आमच्याकडे पाहिलं, पुन्हा एकदा बसकडे पाहिलं, आणि खांद्यावरची पिशवी काढून मुरलीच्या हातात दिली.