नासुमारूच्या आत कोणी नसतं

"या वांग्याच्या आत कोण असतं?" हान्यू मॅडमनी पहिलाच प्रश्न असा टाकला आणि बाजारपेठ संघाच्या खोलीतले चहाचे पेले जागच्या जागी थांबले.

"आत?" संघाचे अध्यक्ष तोकोनामी यांनी लहान मुलाकडे बघावं तसं त्यांच्याकडे बघितलं. "आत कोणी नसतं, मॅडम. तो नासुमारू आहे."

हान्यू मॅडम विद्यापीठात माणसांच्या चालीरीतींचा अभ्यास करत. सध्या त्यांनी गावोगावच्या जत्रांत नाचणाऱ्या अशा लाडक्या सोंगांचा विषय घेतला होता. त्या जराही गडबडल्या नाहीत. "बरं. मग मी त्यालाच विचारते," त्या म्हणाल्या.

माणसाएवढं मखमली वांगं एक पाऊल मागे सरकलं. आत कुमेकिची होता.

कुमेकिचीचं शेजारीच लाकडी खडावांचं दुकान होतं. माणूस सत्तरीला टेकला होता, तरी नासुमारू जन्मल्यापासून दर जत्रेत तोच नाचत आला होता. सगळ्या बाजाराला हे ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि बोलून दाखवणं वेगळं. नासुमारूच्या आत कोणी नसतं आणि नासुमारू कधी बोलत नाही, हे दोन नियम शेंबडी पोरंसुद्धा पाळायची. गावातलं चित्रपटगृह बंद पडलं, तेव्हा कुमेकिचीच्या बायकोनं, फुमिएनं, तिथला जांभळा मखमली पडदा उचलून आणला आणि त्याचं हे वांगं शिवलं. लग्नाआधी दोघं त्याच पडद्यासमोर घरच्यांना चुकवून बसायची. दोन वर्षांपूर्वी फुमिए गेली आणि नासुमारू पेटीत गेला. त्यानंतर आज मॅडमसाठी तो पहिल्यांदाच बाहेर निघाला होता.

"तुम्हाला गर्दी आवडते?" मॅडमनी विचारलं.

वांग्यानं मान डोलावली.

"लग्न झालंय?"

वांगं जरा थांबलं. मग त्यानं पुन्हा मान डोलावली. नूडल्सवाल्या ओतोसेबाईंनी पदर नव्हता म्हणून एप्रनलाच डोळे पुसले.

मुलाखत संपली. ऑगस्टचा उकाडा मी म्हणत होता. "नासुमारूंना विश्रांती हवी," असं जाहीर करून तोकोनामींनी त्याला पडद्याआड नेलं आणि पाठीवरची चेन ओढली. ती वीतभर उतरली आणि अडकली. वर नाही, खाली नाही.

"श्वास आत घ्या," तोकोनामी पुटपुटले. "फुमिएवहिनी गेल्यापासून काय भातावर ताव मारलाय का हो?" आणि मग मॅडम ऐकताहेत हे ध्यानात येऊन मोठ्यानं, "म्हणजे, वांगी अशीच फुगतात उकाड्यात!"

ओतोसेबाई धावल्या. त्यांनी ओढलं, तोकोनामींनी ओढलं. शेवटी मॅडमही पेन कानावर खोचून मदतीला आल्या. चेन ढिम्म. आत कुमेकिची भाजून निघत होता. आणि तेवढ्यात त्याला आठवलं: जत्रेच्या सकाळी फुमिए चेनीवर मेणबत्ती घासायची. "रोज खडावांना रंधा मारता, पण एवढं काही तुमच्या लक्षात राहायचं नाही," असं म्हणायची.

बोलायची तर सोय नव्हती. त्यानं दोन्ही हात जोडून ज्योतीसारखे उंच धरले आणि बोटं हलवली.

"हात जोडतोय!" तोकोनामींची पाचावर धारण बसली. "शेवटची प्रार्थना करतोय हो!"

कुमेकिचीनं एक तळवा दुसऱ्यावर जोरजोरात घासला.

"थंडी वाजतेय त्याला! ऊन लागल्यावर आधी थंडीच वाजते!" ओतोसेबाई ओरडल्या. "कपड्याचं काय घेऊन बसलात, जीव जाईल. आणा इकडे!" आणि त्यांनी मासळी कापायची भलीमोठी कात्री उचलली. तिचं थंडगार टोक मानेमागच्या शिवणीला टेकलं.

"मेणबत्ती!" वांग्यातून आवाज फुटला. "मेणबत्ती घासा चेनीवर! कात्री लावू नका हो, फुमिएचे टाके आहेत ते!"

एवढ्या वर्षांत नासुमारू पहिल्यांदाच बोलला होता, आणि तेही मॅडमच्या देखत. तोकोनामींनी छताकडे बघितलं.

"वारा फार सुटलाय," ते म्हणाले. बाहेर पान हलत नव्हतं.

"समुद्रावरचा आहे," ओतोसेबाईंनी कात्री पाठीमागे लपवली.

आता सगळ्यांचे डोळे मॅडमवर. याच एका वाक्यासाठी त्या एवढ्या लांबून आल्या होत्या. मॅडमनी कानावरचं पेन काढलं आणि पिशवीत टाकलं.

"वाऱ्याला मेणबत्ती हवीय वाटतं," त्या म्हणाल्या.

ओतोसेबाई चपला न घालता पळाल्या. सगळ्यात जवळची मेणबत्ती कुमेकिचीच्या घरातच होती, फुमिएच्या तसबिरीपुढची. ती घासली आणि चेन लोण्यातून सुरी जावी तशी सरकली. पण ती पूर्ण उघडायच्या आत तिघंही भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. मागचं दार वाजेपर्यंत एकही मान वळली नाही.

थोड्या वेळानं पुढच्या दारानं कुमेकिची आत आला. तोंड धुतलेलं, हातात पंखा, चेहरा मात्र टोमॅटोसारखा लाल. "काय, गडबड कसली चाललीय?" त्यानं विचारलं.

"काही नाही, गप्पा," तोकोनामी म्हणाले. "मॅडम, हे आमचे खडाववाले."

मॅडमनी कमरेत वाकून नमस्कार केला. नेहमीपेक्षा जरा जास्तच वाकून. "शेजारीच असता, म्हणजे नासुमारूला ओळखत असाल?"

"येता-जाता नमस्कारापुरतं."

"त्याला विचारायचं राहूनच गेलं. तो कधीच बोलत कसा नाही हो?"

कुमेकिचीनं कोपऱ्यातल्या जांभळ्या मखमलीकडे बघितलं. शिवण शाबूत होती. त्यानं पंखा मिटला.

"बोलायचं खातं त्याच्या बायकोकडं होतं, मॅडम," तो म्हणाला. "ती गेली. पण अजून मध्ये तोंड घालायची त्याला भीती वाटते."