हिरामावशीची नागीण

हिरामावशीच्या घरात काहीही मागणं हा गुन्हा होता. दुसरा कप चहा मागितला की ती कोपऱ्यातल्या झाडाकडे हात करायची आणि खेकसायची, "यो मागतो का?"

ते झाड म्हणजे नागीण. तलवारीसारखी ताठ पानं, त्यांवर सापाच्या अंगावर असतात तसे पट्टे. लोक झाडं अंगणात लावतात. मावशीने ही माजघरात, बूड फुटलेल्या पातेल्यात लावली होती. पंधरा दिवसांतून एकदा वाटीभर पाणी, मग ओल्या फडक्याने पान न् पान पुसायचं, आणि रोज सकाळी तिच्यासमोर बसून साऱ्या गावाचा उद्धार करायचा.

साठच्या दशकात ठाणे-बेलापूर रस्त्याला कारखाने उभे राहत होते. त्यातल्याच एकात मी कारकून म्हणून लागलो आणि तळवलीत मावशीची पडवी भाड्याने घेतली. मावशीला नवरा नव्हता, एकुलती लेक नेरूळला दिलेली. महाप्याच्या अंगाला तिचं भाताचं शेत होतं, ते कारखान्यासाठी गेलं, आणि माझं टेबल नेमकं त्याच जमिनीवर होतं. मग काय, सरकारवरचा, कंपनीवरचा, भावकीवरचा सगळा राग माझ्या एकट्याच्या डोक्यावर. "माझ्या बांधावर बसून पंख्याचा वारा खातोस, कारकुना," हे ऐकल्याशिवाय मी कधी कामाला गेलो नाही.

एका उन्हाळ्यात ती लेकीच्या बाळंतपणाला गेली. जाताना बजावून गेली, "नागिनीला हात लावू नको." पण मला त्या झाडाची कीव आली. दहा दिवस मी त्याला रोज तांब्याभर पाणी घातलं.

मावशी परतली. तिने फडकं घेऊन पहिलं पान धरलं, तर ते बुडातून सुटून हातात आलं. कुजका वास घरभर पसरला.

"पानी कोनी घातला?"

"मी. सुकून गेली असती, मावशी."

"तुजा डोका सुकलाय."

पुढचा तासभर ती जे बोलली ते लिहिण्याजोगं नाही. बोलता बोलताच तिने पातेलं उपडं केलं, कुजलेली मुळं कोयत्याने छाटली आणि उरलेली दोन पानं सावलीत सुकत ठेवली. मग म्हणाली, "कंपनीतनं माती आन. झार तिथला हाय. कुंपनाच्या तारा ठोकल्या त्या दिशी बांधावरनं उपटून आनला मी."

मी डबाभर माती आणली. तिने ती हुंगली आणि अंगणात भिरकावली. "यो भराव हाय. डोंगराचा मुरूम."

आता मीही भडकलो. "मी कारकून आहे, माती वाहायला नाही आलो. एवढंच असेल तर तुम्ही जा."

"चल," ती म्हणाली आणि टोपली उचलली.

फाटकावर रखवालदाराने अडवलं. "बाई, आत जायला परवानगी नाही."

"आत कोन येतो? माती भाईर येल."

कुंपणाच्या कडेकडेने ती बरीच चालली, एका जागी थांबली आणि तारेखालून हात घालून कोयत्याने खणू लागली. वीतभर मुरूम गेला, हातभर गेला. मग काळी माती लागली. मावशीने ती मुठीत घेऊन हुंगली. रखवालदार शिव्या द्यायला आला होता, तो तिचं तोंड बघून परत फिरला.

टोपली भरून आम्ही निघालो. माझा राग अजून उतरला नव्हता. मी म्हणालो, "ठाण्याला खोली बघितली आहे. महिनाअखेरीस जाईन म्हणतो."

ती झपझप पुढे चालू लागली. गाव दिसायला लागल्यावर टोपली या हातातून त्या हातात घेत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "जा. त्या झाराला मी सकालपासून बोलते. त्यो काय बोलत नाय. तू उलट बोलतोस." जरा थांबून म्हणाली, "घरात मानूस हाय असा वाटतो."

मी तिच्या हातातली टोपली घेतली. पुढे दोन वर्षं मी तिथेच राहिलो, आणि एकही सकाळ उलट बोलल्याशिवाय गेली नाही.