आधी दिवा उतरवायचा

"मध्यंतर असलं तर दिवा तसाच राहू द्यायचा. खेळ संपला, की आधी दिवा उतरवायचा, म्हणजे उजेड हळूहळू कमी करायचा, मग मशीन थांबवायचं. तापलेल्या दिव्याला एकदम झोपवलं, तर तो रुसतो."

बाबांचा हा आवाज धाकटीच्या कानात लहानपणापासून वस्तीला होता. तेव्हा बाबा थिएटरात ऑपरेटर होते, आणि आईला बरं नसलं की धाकटीला आपल्याबरोबर केबिनमध्ये घेऊन जात. उंच स्टुलावर ती पाय लोंबकळत बसायची. मशीन घरघरायचं, आणि भिंतीतल्या चौकोनी भोकातून उजेडाचा एक झोत निघून खालच्या काळोखावरून पार पडद्यापर्यंत जायचा. पडद्यावर कोण कोणाला मारतंय याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. ती झोताकडे बघायची. झोतात धूळ नाचायची. कधी सोन्याची, कधी चांदीची, आणि नायिका रडायला लागली की निळी. हीच धूळ आई रोज सकाळी फडक्याने घराबाहेर हाकलायची, आणि इथे ती राणीसारखी मिरवत होती! धाकटीचा वासलेला आ खेळ संपेपर्यंत मिटायचा नाही.

थिएटरच्या पायऱ्यांवर लोक बाबांना हमखास अडवायचे. "काय ऑपरेटर, कसा आहे सिनेमा? काढू का तिकीट?"

"बसा आणि बघा," एवढंच बाबांचं उत्तर.

"पण तुम्ही तर रोज बघता, बाबा," एकदा धाकटी म्हणाली होती.

"मशीन चालवणाऱ्यानं मत द्यायचं नसतं. मत आलं की हात हलतो, हात हलला की फोकस जातो."

थिएटर बंद पडलं, बाबा घरी बसले, पण हा नियम काही निवृत्त झाला नाही. भाजी खारट झाली तरी बाबा गप्प, अळणी झाली तरी गप्प. थोरलीसाठी आलेला मुलगा कसा वाटला असं आईने विचारलं, तेव्हा ते "बघू" म्हणाले होते. लग्न झालं, संसार झाला, पण जावयाकडे ते अजून बघतच होते. आणि धाकटीने बँकेतली चांगली नोकरी सोडून घरी बसून चित्रं हलवायला सुरुवात केली, तेव्हा आई रडली, थोरली भांडली, बाबांनी मात्र नुसता चष्मा पुसला.

धाकटी सिनेमा करत होती. छोटासाच, हाताने काढलेल्या चित्रांचा. उजेडाच्या झोतात शिरलेल्या धुळीच्या एका कणाची गोष्ट. जवळ होता एक जुना लॅपटॉप, त्यावर विंडोजऐवजी मित्राने फुकट घालून दिलेलं लिनक्स, आणि कुणाच्या तरी ऑफिसातून निघालेला एक मोठा, जड मॉनिटर. तिने कितीदा तरी बाबांना विचारलं होतं, "बघता का जरा?" बाबा म्हणायचे, "पुरा झाला की लाव."

काल सकाळी तो पुरा झाला, तेव्हापासून तिने मॉनिटर लावला नव्हता. आज संध्याकाळपर्यंत महोत्सवाकडे पाठवायचा होता. पण त्याआधी दुपारी एक खेळ घरी लावायचा, असं तिने ठरवलं होतं. महोत्सवाचे परीक्षक काय म्हणायचं ते म्हणोत, तिला एकाच माणसाच्या तोंडून एक शब्द हवा होता. आणि लॅपटॉपच्या वीतभर पडद्यावर बाबांना मुंगीसुद्धा दिसत नसे. सगळी मदार मॉनिटरवर.

धाकटीने मॉनिटर आपल्या टेबलावरून काढून बाहेरच्या खोलीत आणला, खुर्च्या मांडल्या. आईने पदर सावरला. थोरलीच्या वतीने भावोजी आले. ते एका कंपनीत कॉम्प्युटरचं बघत असत, आणि लिनक्स हा त्यांच्या मते मेहुणीला जडलेला आजार होता. धाकटीने केबल लावली, बटण दाबलं. मॉनिटरच्या कडेचा निळा ठिपका लागला. पडदा मात्र काळा, तव्यासारखा.

"सुरू झाला का गं?" आईने विचारलं.

"नाही अजून."

"मला वाटलं रात्रीचा सीन आहे."

बाबा खुर्चीत जरासे सरकले. घसा साफ केला. "मी काय म्हणतो..."

"एक मिनिट हं, बाबा. केबल सैल असेल."

केबल सैल नव्हती. काढून लावली, उलटी करून लावली, शेजाऱ्यांची आणून लावली. भावोजींनी आपल्या बॅगेतून नवीकोरी केबल काढली आणि वैद्य मात्रा देतो तशी दिली. काळ्यात काही फरक नाही. धाकटीने सेटिंग उघडलं, तर तिथे दोन चौकोन शेजारी शेजारी, सुखी जोडप्यासारखे.

"त्याला मॉनिटर दिसतोय!" धाकटी म्हणाली.

"त्याला दिसून काय उपयोग?" भावोजी म्हणाले. "सासूबाईंना दिसला पाहिजे."

तिने मित्राला फोन लावला. लिनक्स घालून देणारा तो हाच. सगळी कामं काळ्या खिडकीत हुकूम टाईप करून करायचा, म्हणून त्या खिडकीच्याच नावाने त्याला सगळे 'टर्मिनल' म्हणत. फोन स्पीकरवर टाकला.

"अपडेट केलं होतंस का?" टर्मिनलने पहिला प्रश्न विचारला. डॉक्टर जसे आधी बाहेरचं काही खाल्लं होतं का विचारतात, तसा.

"परवा केलं."

"मग ड्रायव्हर. जुन्या कर्नलमध्ये जा, अपडेटच्या आधी होतं त्या लिनक्समध्ये."

ती जुन्यात गेली. जुन्यातही अंधारच होता. परत नव्यात आली. टर्मिनल सांगत गेला, ती टाईप करत गेली. ओळींमागून ओळी धावल्या. आई हात जोडल्यासारखी बघत राहिली.

"हे सगळं तुला वाचता येतं?"

"थोडं थोडं."

"काय म्हणतंय?"

"म्हणतंय, सगळं ठीक आहे."

"मग ते तुझ्या बाबांसारखंच आहे," आई म्हणाली.

बाबांनी पुन्हा घसा साफ केला. "दिवा बघितलास का?"

"कसला दिवा, बाबा?"

"त्याच्या आतला."

"अहो, ते थिएटरचं मशीन नाही," भावोजी समजुतीच्या सुरात म्हणाले. बाबांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, धाकटीच्या घामेजलेल्या चेहऱ्याकडे बघितलं आणि मिटलं. मग उगाचच उठून पाणी पिऊन आले. तहान लागलेल्या माणसासारखे नव्हे, चोरी पकडली जाणार असलेल्या माणसासारखे. पण तिकडे कोणाचं लक्ष होतं?

कारण आता नवीनच प्रकार सुरू झाला होता. धाकटीने माऊस उजवीकडे सरकवला, आणि बाण लॅपटॉपच्या कडेवरून पलीकडे निघून गेला.

"गेला कुठे?" आईने विचारलं.

"तिकडे. मॉनिटरवर."

"तिथे तर अंधार आहे."

"अंधारातच आहे तो."

"एकटाच?"

एकटा नव्हता. सिनेमाची खिडकी तिने आधीच तिकडे ढकलली होती. तिला परत ओढून आणायला म्हणून दुसरी खिडकी उघडली, तीही पहिलीच्या मागोमाग गेली. मग सेटिंगची गेली. जी जाई ती तिकडचीच होई. धाकटी त्या काळ्या चौकोनाकडे बघत राहिली. नदीच्या पैलतीरी आपली माणसं उभी असावीत, धुक्यात दिसू नयेत, हाक मारावी तर आपलाच आवाज परत यावा, तसं तिला वाटलं.

"बाजूला हो," भावोजी म्हणाले. "ही सगळी भानगड दोन पडद्यांची आहे. एकच ठेवू." त्यांनी मोठ्या मुश्किलीने सेटिंग माघारी आणलं आणि 'फक्त बाहेरचा पडदा' निवडलं. 'बदल कायम ठेवू का?' असं विचारणारा चौकोन आला. ऑफिसात असे चौकोन न वाचता हो म्हणायची त्यांना वर्षानुवर्षांची सवय. बोट आपोआप एंटरवर पडलं.

लॅपटॉपही काळा झाला.

"हॅलो? हॅलो?" फोनमधून टर्मिनल म्हणाला. "आता काय दिसतंय?"

"आता काहीच दिसत नाही," धाकटी म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. संध्याकाळ जवळ आली होती, सिनेमा त्या काळोखात कुठेतरी होता, आणि बाबा आपले खुर्चीच्या हाताला धरून बसले होते. तिने हताशपणे तळहात कीबोर्डवर टेकवला. तो लांबट बटणावर पडला.

आणि सूर सुरू झाले. एक बासरी, मागे मशीनची बारीक घरघर. तिच्या सिनेमाची सुरुवात.

"अगं, चालू झाला!" आई म्हणाली. मग काळ्या पडद्याकडे बघून, लेकीची समजूत घालत म्हणाली, "राहू दे गं. रेडिओवर लागलाय असं समजू. आवाज छान आहे."

"केबल उपटतो, म्हणजे लॅपटॉप तरी परत येईल," भावोजी उठले.

"थांबा!"

बाबा उभे होते. त्या घरात त्यांचा एवढा मोठा आवाज कोणी ऐकला नव्हता.

"खेळ चालू असताना मशीनला कोणी हात लावत नाही. जावईबापू, तो पडदा ओढा. अगं, दार लाव. वरचा दिवा बंद. उजेडात कधी कोणी सिनेमा बघतो का?"

भावोजींनी खिडकीचा पडदा ओढला. आईने दार लावलं. धाकटीने दिवा घालवला. खोली काळोखली, आणि डोळे त्या काळोखाला हळूहळू सरावले.

मग आईच्या तोंडून "अगं बाई" निघालं, कुजबुजल्यासारखं.

मॉनिटर काळा नव्हता. त्याच्या तळाशी, खोल विहिरीत चांदणं पडावं तसं, चित्र होतं. अगदी पुसट. श्वास घेतला तर विझेल इतकं. झोत होता, झोतात धूळ होती, आणि धुळीत तो एक कण, कडेकडेने, घाबरत घाबरत उजेडात पाऊल टाकत होता. इतका वेळ तो इथेच होता. बाणही तिथेच होता, पडद्याच्या मधोमध, शहाण्या मुलासारखा. हरवलं काहीच नव्हतं. सगळ्यांनी केबली बदलल्या, हुकूम सोडले, घाम गाळला, आणि हा बिचारा अंधारात आपला खेळ करतच राहिला होता. भावोजी उभे होते तिथेच जमिनीवर बसले. फोनमधून टर्मिनलने हळूच विचारलं, "काय झालं?" देवळात कोणी फोनवर बोलतं का?

बाबा पुढे झाले. त्यांनी मॉनिटरच्या पाठीमागे हात घातला. वाकून बघितलं नाही, चाचपडले नाहीत. बोटाला जागा पाठ असावी तसं ते नेमकं एका बारीक बटणावर गेलं. त्यांनी ते दोनदा सावकाश वर ढकलत नेलं, आणि चित्र उगवायला लागलं. विहिरीतलं चांदणं वर आलं, पहाट झाली, सोनं झालं, आणि झोत त्या खोलीत असा पसरला, की आईच्या चष्म्यात, भावोजींच्या टकलावर, पाण्याच्या तांब्यावर धूळ नाचू लागली.

सिनेमा संपेपर्यंत कोणी हललं नाही. संपला तेव्हा आई डोळे पुसत होती, आणि भावोजी स्वतःच्या केबलीची गुंडाळी करत, लिनक्सबद्दल काहीही न बोलता, खाली बघत होते.

"बाबांनी मागचं बटण ढकललं आणि चित्र उजळलं," धाकटीने फोनवर सांगितलं.

"ब्राइटनेस!" फोन ओरडला. "अरे, कोणीतरी ब्राइटनेस शून्यावर नेला होता! पण कोणी?"

"फोन ठेव," धाकटी म्हणाली. ती बाबांकडे बघत होती. "बाबा, त्या बटणाचा मलाही पत्ता नव्हता. तुम्हाला कसा?"

बाबांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा पुसला.

"तू दुपारी मुलांना चित्रकला शिकवायला जातेस ना. तुझी आई झोपलेली असते. ते लांबट बटण दाबलं की चालतं, पुन्हा दाबलं की थांबतं. एवढं मला येतं."

"तुम्ही रोज बघत होतात?"

"जेवढा झाला असेल तेवढा. मग मध्यंतर. मध्यंतरात दिवा उतरवत नाहीत, म्हणून तुला कधी कळलं नाही." बाबांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "काल शेवट लागला. खेळ संपला. हात आपोआप मागे गेला. तिथे दोन सेटिंग होती, एक उजेडाचं, एक कॉन्ट्रास्टचं, दोन्ही खाली आणली. दिवा रुसू नये म्हणून."

"आणि मघापासून बोलला नाहीत?" आई म्हणाली. "पोरीचा जीव चाललाय, आणि हे पाणी पितायत!"

"सांगायचं कसं? ती विचारायची तेव्हा पुरा झाला की लाव म्हणायचो, आणि मागून चोरून... एकदा सांगायला गेलो, तर पुढचं विचारलं असतं."

"पुढचं काय?" भावोजींनी विचारलं.

धाकटीला कळलं होतं पुढचं काय ते. ती हसली. उठून बाबांसमोर उभी राहिली, थिएटरच्या पायऱ्यांवरच्या लोकांसारखी कमरेवर हात ठेवून.

"काय ऑपरेटर, कसा आहे सिनेमा?"

बाबांचे ओठ सवयीने 'बसा'वर आले, आणि तिथेच थांबले. त्यांनी मॉनिटरकडे बघितलं. निळा ठिपका शांत तेवत होता.

"आयुष्यभर मी पडद्यावर एकच गोष्ट बघितली गं," ते म्हणाले. "फोकस. गोष्ट काय चाललीय ते कधी दिसलंच नाही. काल तुझा तो कण उजेडात शिरला, आणि फोकस बघायचा राहूनच गेला. चांगला आहे, बाळा. फार चांगला आहे तुझा सिनेमा."