पांघरुणातले हरभरे

"गॅस लागतो तो फक्त उकळी फुटेपर्यंत. पुढे जाळतो तो सगळा आपला अडाणीपणा," बॉयलरकाका म्हणाले आणि जेवणाच्या टेबलावर त्यांनी असा काही हात आपटला, की चिरंजिवांच्या ताटातली काकडी उडून सूनबाईच्या ताटात जाऊन पडली.

बॉयलरकाका हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. उभा जन्म एका कारखान्यातल्या बॉयलरपाशी गेला, वाफेला गोंजारत आणि वाफेवर डाफरत, म्हणून सगळी इमारत त्यांना त्याच नावाने ओळखायची. आता निवृत्त झाले होते, पण अंगातली वाफ काही निवली नव्हती.

काकू लेकीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या. तेव्हापासून सूनबाई ऑफिसच्या आधी एकदा आणि ऑफिसनंतर एकदा ओट्याशी उभी राहून पार पिळून निघाली होती. काकांनी मदत केली नाही असं नाही. केली, आणि तेच नडलं. कुकर लावून शिट्ट्या मोजता मोजता त्यांचा डोळा लागला, आणि आतला भात, खुद्द कुकर आणि छताचा रंग, तिन्ही एकदमच गेले. शेवटी घरात ठरलं, की सोमवारपासून स्वयंपाकाला बाई लावायची.

"आणि बाबा, तुम्ही आता स्वस्थ बसा," चिरंजीव म्हणाले.

माणसाला काय वाटेल ते म्हणावं, पण स्वस्थ बसा म्हणू नये. बाई एकदा घरात आली की ओटा तिचा आणि डबेही तिचे. मग चहाचं आधण ठेवायचं तरी तिला विचारायला हवं. ह्या घरात आपला आता उपयोग काय, हा प्रश्न काकांना हल्ली दुपारी डोळा लागण्याच्या जरा आधी पडायचा, आणि मग डोळा लागायचाच नाही.

"एक संधी दे, सूनबाई," ते म्हणाले. "उद्या रात्रीचं जेवण माझ्याकडे. काही करपणार नाही, ओटा माखणार नाही, गॅस तर नावाला. अंगाला पोषण, मनाला शांती, घरच्यांना सवड आणि पृथ्वीला आराम. एका भांड्यात चौघांची सोय."

"आणि दाणा कच्चा राहिला तर?"

"तर बसतो स्वस्थ. जन्मभर."

"कबूल," सूनबाई म्हणाली. दुसऱ्या दिवशी शनिवार असूनही तिला ऑफिस होतं, आणि वाद घालण्याइतकं त्राण अंगात उरलं नव्हतं. नक्की करणार काय, हे मात्र काकांनी कुणाला कळू दिलं नाही.

त्यांची युक्ती साधी होती. उष्णता पळकुटी असते. तिच्या पळायच्या वाटा बंद केल्या, की ती मुकाट्याने काम करते. शनिवारी सकाळी घर रिकामं होताच काकांनी रात्रभर भिजलेले हरभरे, बटाटे, गाजरं, कांदे आणि टोमॅटो असं सगळं मोठ्या पातेल्यात चढवलं, सणसणीत उकळी आणली आणि गॅस बंद केला. मग पातेलं गळ्यापर्यंत टॉवेलात गुंडाळलं, टॉवेल घोंगडीत गुंडाळला आणि ते गाठोडं थेट आपल्या पलंगावर नेऊन ठेवलं. खाली गादी, दोन्ही बाजूंना उशा, वरून दोन रजया. उष्णता सगळ्यात जास्त डोक्यातून जाते असं त्यांचं ठाम मत होतं, म्हणून झाकणावर त्यांनी स्वतःची लोकरी कानटोपी चढवली. पोटच्या पोराला त्यांनी कधी इतक्या मायेने निजवलं नव्हतं.

रजईखाली पातेलं गुडगुडलं.

"नीज आता," काका म्हणाले. त्यांनी खिडकी लावली, दाराला कुलूप घातलं आणि पाव आणायला बाहेर पडले.

बेकरीवर ही गर्दी होती. काकांना ती हवीच होती. रांगेतल्या पुढच्या माणसाला त्यांनी उष्णतेवर व्याख्यान दिलं, मागच्या माणसाला पृथ्वीवर, आणि बेकरीवाल्याला भट्टीची दारं कशी चुकीची बसवली आहेत ते समजावलं. बेकरीवाल्याने त्यांना पाव जरा लवकरच दिला. काका शीळ घालत घरी परतले.

दारात चपलांचा खच पडला होता. आतून दबक्या आवाजातली कुजबुज येत होती. काका लगबगीने आत शिरले, तर त्यांच्याच खोलीच्या दारात समोरचे टेलर टाचा उंच करून आत बघत होते.

"काय झालं हो?" काकांनी हळूच विचारलं.

"काका आजारी आहेत. तापाने नुसते फणफणलेत."

"अरेरे. कोणते काका?"

"आपले बॉयलर..." म्हणत टेलर वळले, आणि त्यांच्या गळ्यातली टेप घसरून खाली पडली.

झालं होतं ते असं. सूनबाईची आई दोन गल्ल्या पलीकडे राहायची. घराची एक किल्ली तिच्याकडे असायची. विहीणबाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका, त्यामुळे अंगात मुलखाची शिस्त. लेकीसाठी फळं ठेवायला म्हणून त्या आल्या आणि सहज खोलीत डोकावल्या, तर व्याही भरदिवसा कानटोपी घालून पांघरुणात गुरफटलेले. हाक मारली, ओ नाही. टोपीवर हात ठेवला, तर चटका बसला. दुसरं कुणी असतं तर पांघरूण ओढून पाहिलं असतं. पण व्याह्यांच्या अंगावरचं पांघरूण विहिणीने कसं ओढायचं? तेव्हा न ओढता जे जे करता येईल ते ते त्यांनी केलं होतं. लेकीला ऑफिसात फोन केला होता, खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरांना बोलावणं धाडलं होतं, खिडकी सताड उघडली होती, पंखा पाचवर फिरत होता, आणि आता त्या टोपीवर गार पाण्याच्या घड्या ठेवत होत्या.

"तुम्ही इथे?" विहीणबाई ताडकन उठल्या. "मग हे कोण?"

खरं ते काकांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण ज्या बाईंसमोर ते कधी शर्टाचं वरचं बटण उघडं टाकून बसले नव्हते, त्यांना सांगायचं की मी पातेलं निजवलंय? शिवाय खरं कळलं की ही मंडळी झाकण उघडून बघणार. वाफ जाणार, दाणा कच्चा राहणार आणि सोमवारी बाई येणार.

"मित्र आहे माझा," काका म्हणाले. "कारखान्यातला. दमून आलाय. संध्याकाळपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही."

एवढं बोलून त्यांनी पंखा बंद केला, खिडकी लावली, ओली घडी फेकून दिली आणि कपाटातून तिसरी रजई काढून वर घातली. खोलीत खळबळ उडाली.

"अहो, मारताय की काय त्याला?" विहीणबाई म्हणाल्या.

"त्याला वारं सोसत नाही."

"काका, ह्यांचं पांघरूण काढायलाच हवं," बोलावण्यावरून वर आलेले डॉक्टर म्हणाले. "उष्णता बाहेर पडायला नको का?"

"अजिबात नको. त्याला नीट शिजू द्या."

"काय?"

"निजू द्या म्हणतोय."

डॉक्टरांनी थर्मामीटर टोपीच्या कडेतून आत सरकवला. काढला, पाहिला, झटकला, पुन्हा सरकवला. मग ते बराच वेळ काकांकडे बघत राहिले.

"काका, एवढ्या तापात हे गृहस्थ आपल्यात असायला नकोत."

"चिवट आहे तो."

डॉक्टरांनी नाडीसाठी रजईखाली हात घातला. तिथे त्यांना पातेल्याचा कान लागला. "हाताचं तर नुसतं हाड उरलंय," ते पुटपुटले.

"खाण्यापिण्याचे फार हाल झाले हो त्याचे."

"आणि पाय?" डॉक्टरांचा हात पलंगाच्या पायथ्यापर्यंत जाऊन रिकामा परत आला होता.

"पोटाशी घेऊन झोपतो. लहानपणची सवय."

डॉक्टर शेजारच्या खुर्चीत बसले आणि त्यांनी स्वतःचीच नाडी बघायला घेतली. विहीणबाईंचा मात्र धीर सुटला नव्हता. "बर्फ," त्या म्हणाल्या आणि स्वयंपाकघराकडे निघाल्या. बर्फ! काकांच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. ते त्यांच्यामागे धावले. फ्रिजपाशी दोघांची बर्फाच्या ट्रेवरून चांगलीच ओढाताण झाली. "आधी आपण," "छे छे, आपणच," असं काही ते चाललं नव्हतं. शेवटी ट्रे काकांच्या हाती आला.

आणि तेवढ्यात सूनबाई आली. टॅक्सीतून उतरून जिने चढत ती धापा टाकत जी आत शिरली, ती कुणाकडे न बघता थेट पलंगापाशी जाऊन गुडघ्यांवर बसली.

"बाबा, उठा हो," ती रडायलाच लागली. "चुकलं माझं. नको ती बाई आणि नको काही. रोज एक कुकर जाळा, भिंती काळ्या करा, पण असे पडून राहू नका. संध्याकाळी मी आले की तुम्ही दार उघडता ना, तेवढ्याने माझा निम्मा शीण जातो. ते दार कोण उघडणार?"

काका ट्रे घेऊन खोलीच्या दाराशी थबकले होते. त्यांचे डोळे भरून आले. आयुष्यात त्यांच्याविषयी इतकं चांगलं कुणी बोललं नव्हतं, आणि बोललं तेही पातेल्याला. अजून थोडं ऐकावं असं त्यांना फार वाटत होतं. पण सूनबाईने त्या गाठोड्याला मिठी घातली आणि त्यांचा जीव वरखाली झाला.

"सूनबाई, जपून," ते म्हणाले. "झाकण हलेल."

सूनबाईने मान वळवली. सासरे दारात होते आणि सासरे मिठीतही होते. ती दचकून मागे सरली, टोपी तिच्या हातात आली, टोपीबरोबर झाकण आलं, आणि वाफेचा लोट थेट छताला भिडला.

डॉक्टर उठले, पातेल्यात डोकावले आणि त्यांनी निदान केलं.

"हरभरे."

सूनबाई आधी हसली, मग रडली, मग दोन्ही एकदम करायला लागली. काकांनी एका दमात सगळं सांगून टाकलं आणि बर्फाच्या ट्रेसकट मान खाली घातली. "उघडलं गेलं झाकण. कच्चाच राहणार आता. संपलं माझं. बसतो मी स्वस्थ."

"थांबा," विहीणबाई म्हणाल्या. त्यांनी चमचा मागवला, एक हरभरा तोंडात टाकला आणि डोळे मिटून चावला. सगळी खोली त्यांच्या जबड्याकडे बघत होती.

"पास व्हायला थोडेच मार्क कमी पडताहेत," त्या म्हणाल्या. "बघत काय राहिलात? एक उकळी द्या आणि आणा परत. डॉक्टर, खिडकीपाशी जाऊ नका. टेलर, ती रजई घडी करून चालणार नाही, पसरून धरा."

उकळी दिली गेली. पातेलं पुन्हा निजवलं गेलं, आणि संध्याकाळपर्यंत विहीणबाई पलंगाशी अशा बसल्या, की खोलीत शिंकायचीही कुणाची हिंमत झाली नाही. संध्याकाळी झाकण उघडलं, तर हरभरे लोण्यासारखे मऊ होते. घरच्यांनी खाल्ले, टेलरांनी खाल्ले, डॉक्टरांनी दोनदा वाढून घेतले आणि पेशंटची प्रकृती उत्तम असल्याचं जाहीर केलं. चिरंजीव घरी आले तेव्हा पातेल्यात एक बटाटा उरला होता. तोही त्यांना आवडला.

"स्वयंपाकघर तुमचं, बाबा," सूनबाई म्हणाली. सोमवारी बाई आली नाही.

काकांना आता आकाश ठेंगणं झालं. इमारतीतल्या निम्म्या पलंगांवर दुपारी पातेली निजू लागली, आणि ती कशी निजवावीत हे विचारायला लोक काकांकडे येऊ लागले. फक्त एक गोष्ट त्यांनी हिशेबात धरली नव्हती. पातेल्याची झोपायची वेळ आणि त्यांची झोपायची वेळ एकच होती. रजयाही सगळ्या पातेल्याकडे लागल्या. त्यामुळे रोज दुपारी पातेलं गादीवर आणि काका त्याच पलंगाशेजारी फरशीवर चटई टाकून, अंगावर एक जुनी शाल घेऊन, असा बेत सुरू झाला.

व्हायचं तेच झालं. काकांना सडकून सर्दी झाली. ते चटईवर कुडकुडत पडले होते, तेवढ्यात विहीणबाई आल्या. हल्ली त्या दुपारची एक फेरी चुकवत नसत.

"विहीणबाई, अंगात कणकण आहे हो," काका क्षीण आवाजात म्हणाले.

"असणारच. खोली किती गार पडलीय," विहीणबाई काळजीने म्हणाल्या. मग त्या वाकल्या, काकांच्या अंगावरची शाल त्यांनी अलगद काढून घेतली आणि पातेल्याभोवती नीट गुंडाळली.