मास्तरांचा पुठ्ठ्याचा ओटा

नव्या स्वयंपाकघरात मास्तरीणबाईंना एकच गोष्ट हवी होती, खिडकीखाली ओटा. आजवरचा सगळा स्वयंपाक त्यांनी भिंतीकडे तोंड करून केला होता आणि त्या भिंतीवरचा प्रत्येक टवका त्यांना पाठ होता.

"खिडकीतून रस्ता दिसतो," बाई म्हणाल्या. "मला तेवढं पुरे."

"असं एकदम ठरवायचं नसतं," मास्तर म्हणाले. ते शाळेत विज्ञान शिकवत आणि घरी आल्यावरही थांबत नसत. "दुकानदारानं चित्रं दिलीत, बघ तरी. एका भिंतीचा ओटा, काटकोनातला ओटा आणि हा मधोमध सुटा ओटा. चारी बाजूंनी मोकळा! आधी प्रयोग, मग निष्कर्ष."

आता इथे एक घोळ झाला होता. ओटा ठरायच्या आधीच मास्तरांनी सुताराची तारीख ठरवली होती. सुतार सांगितल्या दिवशी आला (सुतारांच्या बाबतीत हे ऐकूनही कुणाला खरं वाटत नाही), जुना ओटा उखडला आणि "काय बसवायचं ते ठरलं की हाक मारा" म्हणून निघून गेला.

मास्तरांनी फ्रिजची रिकामी खोकी आणली आणि बैठकीच्या खोलीत मधोमध पुठ्ठ्याचा ओटा उभारला, अगदी खऱ्या मापाचा. पुठ्ठ्यावर गॅस पेटवू नये हे मात्र विज्ञानालाही मान्य होतं. म्हणून शेगडी तात्पुरती निजायच्या खोलीत, खिडकीजवळच्या टेबलावर गेली.

रोज थोडा वेळ बाईंनी पुठ्ठ्यापाशी उभं राहून नसलेली भाजी चिरायची आणि मास्तरांनी लांबून बघायचं, असं सुरू झालं. मत द्यायला मास्तरांच्या थोरल्या बहिणीला, सगळ्यांच्या आत्यांना, बोलावलं. आत्या आल्या, ओट्याभोवती एक फेरी मारली, दोन्ही कोपरं टेकवली आणि खांद्यापर्यंत आत गेल्या.

"जरा कच्चा वाटतोय रे," आत्या आतून म्हणाल्या.

याच सुमारास एक नवल घडलं. मास्तर शाळेतून आले की वाफाळता चहा हजर! एरवी चपला काढून, खोकून, दोनदा हाका मारून झाल्यावर आतून "आलात होय? कळलंच नाही!" असं उत्तर यायचं आणि मग आधण चढायचं. आता चपला सुटायच्या आत कप हातात. एक दिवस नव्हे, रोज.

"बदललं काय?" मास्तरांनी आत्यांना विचारलं. "चहापत्ती तीच, दूध तेच, ही तीच. आला फक्त मधोमध ओटा!"

"अहो, पण शेगडी तर..." बाई म्हणाल्या.

"शेगडीही तीच!"

"मी तर पहिल्यापासून मधोमधच म्हणत होते," आत्या म्हणाल्या. त्या पहिल्यापासून काहीच म्हणाल्या नव्हत्या.

बाईंना फार वाईट वाटलं. पण या दोघा भावंडांपुढे डोकं आपटून उपयोग नाही, हे त्यांना लग्नानंतर लगेच कळलं होतं. "करा काय करायचं ते," त्या म्हणाल्या.

मधोमध ओटा झाला. काळाभोर दगड, चकाचक, चारी बाजूंनी मोकळा. खिडकी झाकून उंच कपाट आलं. मास्तर ऐटीत घरी परतले, चपला काढल्या, हात पुढे केला. हात रिकामाच राहिला.

"आलात होय? कळलंच नाही!"

दुसऱ्या दिवशीही तेच. मास्तरांचं शिकवण्यातलं लक्ष उडालं. त्यांनी दगडावर पुठ्ठा अंथरून पाहिला. माळ्यावर टाकलेला पुठ्ठ्याचा ओटा, आत्यांनी पाडलेल्या भोकांसकट, पुन्हा बैठकीत उभा केला. चहा काही येईना.

"आता उरलं काय?" ते हताश होऊन म्हणाले.

"शेगडी," बाई म्हणाल्या.

शेगडी पुन्हा निजायच्या खोलीत गेली. त्या संध्याकाळी प्रयोगाची चिंता करत मास्तर कोपऱ्यावर वळले आणि सहज वर बघितलं. खिडकीत बायको उभी होती. तिनं त्यांना पाहिलं, तिचा चेहरा खुलला आणि ती चहा टाकायला वळली. इतकी वर्षं मास्तर खाली मान घालून घरी येत होते. मागून येणाऱ्या सायकलवाल्यानं घंटी वाजवेपर्यंत ते रस्त्यातच उभे राहिले.

"तू मला बघून चहा टाकतेस?" वर आल्यावर त्यांनी विचारलं.

"मग काय वासावरून ओळखू?"

"अगं, मग आधी सांगायचंस ना!"

"पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, एकदम ठरवायचं नसतं."

कपाट काढायला सुतारानं साफ नकार दिला. "सगळं घर खिळखिळं होईल," तो म्हणाला. त्यापेक्षा त्यानं निजायच्या खोलीत, खिडकीखाली, छोटासा पक्का ओटा बांधून दिला. मग तिथे पलंग मावेना, म्हणून तो नव्या स्वयंपाकघरात, काळ्या दगडाला लावून ठेवला.

"झोप लागते का रे इथे?" आत्यांनी विचारलं.

"छान लागते," मास्तर म्हणाले. "चारी बाजूंनी मोकळं आहे."

अडचण फक्त सुट्टीच्या दिवशी येते. मास्तर घरातच असतात आणि चहा काही येत नाही. मग ते चपला घालतात, जिना उतरून कोपऱ्यापर्यंत जातात आणि वर बघत परत येतात.